दिवाळीचा फराळ, पाच किलो गूळ आणि एक सॅडलबॅग: पुणे ते तंजावर

मोटरसायकलच्या सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी ही सॅडलबॅग ऑनलाइन निदान तीन वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. कापड तेच, शिलाई तीच, बकलं तीच, फक्त पुढचा रबरी बिल्ला बदलतो. त्यामुळे नाव देण्यात अर्थ नाही, वर्णन करते. काळं जाड बॅलिस्टिक नायलॉन, दोन्ही बाजूंचे मिळून ४४ लिटर, मधली झिप उघडली की साधारण ६० लिटरपर्यंत फुगते. सीटवरून जाणारे दोन रुंद व्हेल्क्रोचे पट्टे, खाली गाडीला आवळायला चार बकलं, तळाच्या छोट्या कप्प्यात गुंडाळलेली पिवळी रेनकव्हरं. साडेपाच हजारांच्या आत मिळते.

या बॅगेचे रिव्ह्यू वाचलेत तर सगळे लडाख किंवा स्पिती करून आलेल्यांचे दिसतील. दगडगोटे, पाण्याचे ओहोळ, खिंडी. माझी गरज वेगळी होती. दिवाळी झाल्यावर मी पुण्याहून तंजावरला गेले ती मित्रमैत्रिणींची घरं घेत घेत: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर आणि शेवटी तंजावर. कऱ्हाडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमधली मंडळी आता या एका हायवेच्या कडेने पसरलेली आहेत, आणि तंजावरची मैत्रीण पहिल्या नोकरीतली. रस्ता जवळजवळ अख्खा चौपदरी-सहापदरी डांबराचा. लडाखवाला सकाळी बॅग बांधतो आणि रात्री सोडतो. घराघरांतून जाणाऱ्याला ती प्रत्येक दाराशी उघडावी लागते, काहीतरी काढून द्यावं लागतं, आणि निघताना दिलेल्यापेक्षा जास्त आत कोंबावं लागतं, कारण आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. पाच घरी फराळ वाटला की सामान कमी होईल असा हिशेब कुणी करत असेल तर त्याने एकदा ही ट्रिप करावी.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, जुनी ४११ सीसीची, २०१६ साली जी आली ती. नव्या ४५०शी तिची तुलना करत बसू नका, तो वेगळा प्राणी आहे. हिची ताकद २४.३ बीएचपी आणि वजन १९९ किलो, म्हणजे घाईच्या माणसाची ही गाडी नव्हे. ऐंशी-नव्वदला ती मजेत चालते आणि त्याच्या वर मी तिला त्रास देत नाही, ती मला देत नाही. १५ लिटरची टाकी आहे, सरासरी तिशीच्या आसपास मिळते, त्यामुळे चारशे किलोमीटर पंपाकडे बघावं लागत नाही. बॅगेच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी दोनच. सायलेन्सर उजवीकडे आणि वर उचललेला आहे, आणि हँडलची रुंदी ८४० मिलिमीटर आहे.

आधी रुंदीचं. आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, त्यामुळे प्रत्येक नाक्यावर आपण अगदी डावीकडच्या त्या चिंचोळ्या बोळातून जातो. दोन्ही बाजूंना काँक्रीटचा कठडा असतो, आणि बरेचदा त्यातच एखादी मोपेड उभी करून कुणीतरी फोनवर बोलत असतं. झिप बंद असताना बॅगा हँडलच्या रुंदीच्या आत राहतात, म्हणजे हँडल गेलं की बॅग जाते. झिप उघडून फुगवल्या की दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. कोल्हापूरनंतर माझ्या फुगलेल्या होत्या आणि तेव्हापासून प्रत्येक नाक्यावर मी पाय खाली टेकवून, मागे बघत, हळदीकुंकवाला आल्यासारखी हळूहळू आत शिरत होते. ६० लिटर हा आकडा जाहिरातीसाठी आहे. प्रवासाचा आकडा ४४ धरा.

आता सायलेन्सर. बॅगेबरोबर उजव्या बाजूला लावायला एक चंदेरी कापडाचा तुकडा येतो, त्याला ते हीट शील्ड म्हणतात. तो शोभेचा आहे. सॅडल स्टे, म्हणजे बॅग चाकात किंवा सायलेन्सरवर जाऊ नये म्हणून लावतात ती लोखंडी चौकट, तिच्याशिवाय ही बॅग या गाडीवर लावूच नका. स्टे असूनही उजव्या बॅगेची आतली बाजू दुपारपर्यंत हाताला कोमट लागते. कपड्यांना काही होत नाही. पण कोल्हापूरला मैत्रिणीच्या आईने पाच किलोची गुळाची ढेप आणून समोर ठेवली तेव्हा हे एकदम महत्त्वाचं झालं. नोव्हेंबर म्हणजे गुऱ्हाळं नुकतीच पेटलेली, नवा गूळ घरात आलेला, त्यात कोल्हापूरच्या गुळाला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे हे त्यांना माझ्याआधी माहीत. मी म्हटलं, मावशी, जागा नाही हो. त्या अंगणात आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “गाढवावानी लादलीयास गाडी आन म्हणतीस जागा न्हाई? वर बांध की!”

वर नाही बांधली. डाव्या बॅगेत तळाशी, बॅगेचा मधला भाग येतो तिथे, आणि उजवीकडे ठेवायला तेवढंच वजन शोधलं. टूलकिट, पंप, पुढचा आणि मागचा अशा दोन ट्यूब (या गाडीला स्पोकची चाकं आहेत, ट्यूबलेसची सोय नाही), चेन ल्यूब आणि पाण्याच्या दोन बाटल्या असं सगळं मिळून डावी-उजवी बरोबरीत आली. हा एक मुद्दा कुठल्याही रिव्ह्यूत सापडला नाही: या बॅगेला आत एकही कप्पा किंवा पट्टा नाही. पाच किलोचा एक गोळा आत मोकळा राहिला तर ब्रेक मारल्यावर पुढे येतो, गिअर टाकल्यावर मागे जातो, आणि मागचं चाक त्याची दखल घेतं. टॉवेल आणि दोन जीन्स ठासून तो जागेवर बसवावा लागला. सहाशे रुपये वाढवून आत दोन आडवे पट्टे दिले असते तर मी आनंदाने दिले असते.

मागच्या टायरमध्ये थोडी हवा वाढवली आणि त्यानंतर गाडीने कुरकुर केली नाही.

चकली टेस्ट. माझ्याकडे पाच घरांचे पाच स्टीलचे डबे होते. साताऱ्याला पोचेपर्यंत खंबाटकीचा घाट झाला. पुण्याहून जाताना मला घाट चढावाच लागला, तिथला जुना बोगदा साताऱ्याकडून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. तिथल्या वळणांत चकल्यांना काही झालं नाही. चकल्या मोडतात त्या घाटात नाही, सर्व्हिस रोडवर. बॅगेच्या तळाला जो प्लॅस्टिकचा पत्रा शिवलाय तो मऊ आहे. पूल किंवा रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या ठिकाणी डायव्हर्जनवरून गाडी गेली की तो खाली पोटासारखा लोंबतो आणि डबे एकमेकांवर आदळतात. कोल्हापूरच्या डब्यात निम्म्या चकल्या अर्ध्या झालेल्या होत्या. तिथे मी स्टेशनरीच्या दुकानातून जाड पुठ्ठा घेतला, दोन थर कापून तळाशी टाकले आणि बेळगावचा डबा अख्खा पोचला. शेवेला आणि चिवड्याला काहीच होत नाही. अनारसे टाळा.

सातारा ते कोल्हापूर या टप्प्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती बॅगेवरच्या रिफ्लेक्टरची. गाळप हंगाम सुरू झालेला असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर संध्याकाळनंतर हायवेवर असतात आणि त्यांच्या मागे दिवा असेलच असं नाही. आपण त्यांना दिसलो नाही तरी चालेल, पण आपल्या मागून येणाऱ्या बसला आपण दिसलोच पाहिजे. या बॅगेवरची रिफ्लेक्टरची पट्टी रुंद आणि खरीखुरी आहे. फुगवलेली असतानाही मागून दिसते. पाच मार्कांपैकी पाच.

बेळगावला एक रात्र. टिळकवाडीतल्या मित्राच्या आईने कुंदा दिला आणि बेळगाव बासमतीची तीन किलोची पिशवी. तांदूळ हे या बॅगेसाठी आदर्श सामान आहे: जागा सापडेल तसं पसरतो, खडखडत नाही, डब्यांच्या मधल्या फटी बुजवतो. कुंदा टिकत नाही, तो बंगळूरच्या मित्राच्या मुलींसाठी असं ठरवून टाकलं. धारवाडला फक्त पेढ्यांसाठी थांबले, दावणगेरेला बेण्णे डोशासाठी. चित्रदुर्गच्या टेकड्यांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या की समजायचं आज बाजूने वारा लागणार. फुगलेल्या बॅगा वारा धरतात, गाडी डावीकडे कलवून सरळ चालवावी लागते. सवय होते.

बंगळूरला बॅगेची खरी अडचण कळली. मित्र अकराव्या मजल्यावर. गेटवर नाव, मग अ‍ॅपवर त्याची परवानगी, मग तळघरात दोन मजले खाली पार्किंग. ही बॅग सोडायची म्हणजे चार बकलं, दोन व्हेल्क्रो, आणि सीट काढून खाली गुंतवलेला पट्टा. हातात टॉर्च नसेल तर पंधरा मिनिटं. मग दोन्ही बॅगा एकमेकांना जोडलेल्याच राहतात, म्हणजे त्या खांद्यावर टाकून, धुळीने पांढऱ्या झालेल्या, लिफ्टमध्ये इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसांबरोबर वर न्यायच्या आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये ठेवायच्या.

मी तसं केलं नाही, कारण आतल्या बॅगा वेगळ्या घेतल्या होत्या. प्रत्येकी वीस लिटरच्या, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या दोन ड्राय बॅगा. त्या या सेटबरोबर मिळत नाहीत, वेगळे दीड हजार जातात. झिप उघडायची, आतली बॅग काढायची, बाहेरचं कवच गाडीवरच राहू द्यायचं. कवचाला कुलूप लावायची सोय नाही, पण चिखलाने माखलेल्या रिकाम्या पिशव्या कोण नेतो? साताऱ्यापासून तंजावरपर्यंत कुणी नेल्या नाहीत. पैसे मोजकेच असतील तर बाहेरची बॅग थोडी स्वस्त घ्या, पण आतल्या दोन घ्याच. यजमानाच्या फरशीवर स्वच्छ बॅग टेकवायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

त्यांचा दुसरा उपयोग तमिळनाडूत कळला. आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे पावसाळा संपलेला, तिकडे ईशान्य मान्सूनचा ऐन हंगाम. होसूर, कृष्णगिरी कोरडं गेलं. धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरच्या घाटात पाऊस आला तो सेलम गाठेपर्यंत. रेनकव्हर ताशी साठच्या वेगापर्यंत नीट बसतं. पुढे त्यात हवा भरते आणि इलॅस्टिक मागून वर सरकतं. एकदा सरकलं की ते पाणी अडवत नाही, गोळा करतं, कारण तळाला पाणी निघायला भोकच नाही. सेलमच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर बघितलं तर दोन्ही कव्हरांत तांब्या-तांब्याभर पाणी. झिपेच्या शिवणीतून ते आत गेलं होतं. आतल्या बॅगांमुळे कपडे, डबे कोरडे राहिले. डावीकडे पुठ्ठ्याचा लगदा झाला होता आणि बाहेर राहिलेली ढेप एका कडेने विरघळायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तंजावरला चपला शिवणाऱ्या एका काकांकडून दोन्ही कव्हरांच्या तळाला पितळी आयलेट बसवून घेतली. वीस रुपये. कंपनीला हे सुचू नये?

नामक्कलवरून मुसिरीमार्गे त्रिची हा कावेरीकाठचा तुकडा अख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात सुंदर, पण त्याचा बॅगेशी संबंध नाही.

तंजावरची मैत्रीण तिथल्या मराठी घरातली. व्यंकोजीराजांनी १७व्या शतकात तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि १८५५ पर्यंत ते चाललं. त्यानंतरही राहिलेल्या घरांपैकी हे एक. तिच्या अम्मांनी मला दारातच मराठीत विचारलं, जेवलीस का, आणि पुढचं अर्धं वाक्य तमिळमध्ये गेलं. मी पुण्याचा डबा उघडला, त्यांनी चकली मोडून पाहिली, खाल्ली, मान हलवली आणि आतून मुरुक्कूचा डबा आणून शेजारी ठेवला. काही न बोलता. माझी चकली हरली हे मला मान्य आहे. सकाळी बृहदीश्वराला गेले. सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास तिथल्या भिंतीवर आहे, मराठीत, पुण्याहून साडेबाराशे किलोमीटरवर. एवढं आल्यावर तो बघायला तास द्यावा. सरस्वती महाल ग्रंथालय दुपारी केलं. गाडी दोन्हीकडे बाहेर उभी, बॅगा तशाच.

निघताना माझ्या डब्यात मुरुक्कू भरून आले, आणि वर एक मान डोलावणारी तंजावरची बाहुली. कागदाच्या लगद्याची, चार सुटे भाग एकावर एक टेकवलेली. अशी वस्तू सॅडलबॅगेत जात नाही, कुठल्याच जात नाही. भाग सुटे करून, एकेक मोज्यात घालून, तांदळाच्या पिशवीत खोवले. पुण्यात चारही सलामत उतरले, आणि याचं श्रेय मी बेळगाव बासमतीला देते.

परतीच्या वाटेवर हुबळीच्या पुढे डावीकडचं खालचं बकल तुटलं. गूळ त्याच बाजूला होता, त्यामुळे बकलाला फार दोष देत नाही, पण प्लॅस्टिक पातळ आहे हे खरंच. विक्रेत्याला लिहिलं तर आधी फोटो मागितले, मग बिल, मग तुटलेल्या बकलाचा व्हिडिओ. रविवार पेठेत बोहरी आळीत याच मापाची, याहून जाड बकलं मिळतात. नवीन बॅग घेतलीत तर निघायच्या आधीच चारही बदलून घ्या, आणि एक जास्तीचं टूलकिटमध्ये टाका.