ल्युपस नेफ्रायटिसचं औषध तपासायला उंदीर कुठला घ्यावा?

गोव्यात एम.फार्म.च्या प्रबंधासाठी हा विषय घेतला की मुलं आधी विचारतात, ‘सर, लवकर कशात संपेल?’ आधी विचारायला हवं ते वेगळंच. तुमचं औषध आजाराला अडवतं कुठे?

ल्युपस नेफ्रायटिस म्हणजे ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराने मूत्रपिंडाला होणारी इजा. यात बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, ती मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतात आणि मग तिथे कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) व दाह सुरू होतो. औषध शेवटच्या टप्प्यावर काम करणार असेल, तर नेफ्रोटॉक्सिक सीरमचा प्रयोग घ्या. गाळणीविरुद्धची प्रतिपिंडं सशात किंवा मेंढीत तयार करून उंदराला टोचतात. काही दिवसांतच लघवीतून प्रथिनं जायला लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत काम उरकतं. सीरम मात्र सगळ्या गटांना एकाच बॅचचं हवं, नाहीतर फरक औषधाचा की सीरमचा हे कळायचं नाही. पण प्रतिपिंडं अशी बाहेरून आयती दिल्यावर बी-पेशींवरचं औषध अडवणार तरी काय?

अशा औषधाला एनझेडबी आणि एनझेडडब्ल्यू या उंदरांच्या दोन जातींच्या संकराची मादी लागते. तिला आजार आपोआप होतो, साखळीतला प्रत्येक टप्पा त्यात येतो, आणि साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून प्रथिनं दिसू लागतात. म्हणजे वर्षभराचा प्रबंध काठावर येतो. एमआरएल/एलपीआर उंदीर त्याआधीच आजारी पडतो, पण त्याचं मूळ फास या, नको त्या पेशींना मरायला लावणाऱ्या जनुकाच्या बिघाडात असतं आणि लसिकाग्रंथी बेसुमार सुजतात. नुसती घाई म्हणून मी तो सुचवणार नाही. प्रिस्टेन या आजार घडवणाऱ्या तेलाचं इंजेक्शन साध्या बाल्ब/सी उंदरात चालतं, मात्र मूत्रपिंडाची इजा सगळ्यांत सारखी होत नाही.

औषध स्वतःच प्रतिपिंड असेल तर आणखी एक पेच आहे. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध माणसाच्या बी-पेशींवरचं सीडी20 हे प्रथिन ओळखतं, उंदराचं नाही. मग उंदरासाठीचं वेगळं प्रतिपिंड आणा, नाहीतर मानवी सीडी20 असलेला उंदीर.

औषध प्रथिनं दिसल्यावरच सुरू करा. दवाखान्यात रुग्णही आजार झाल्यावरच येतो. तेवढं पाळूनही हमी नाहीच. सीटीएलए4-आयजी (टी-पेशींना चेतवणारा संकेत अडवणारं प्रथिन) आणि सायक्लोफॉस्फमाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) यांच्या जोडीने या संकरित उंदरांत छान गुण दिला होता, पण माणसांत त्याच जातीच्या अबाटासेप्टची सायक्लोफॉस्फमाइडसोबतची चाचणी 2014 मध्ये फायदा दाखवू शकली नाही.

आता आपल्याकडची अडचण. ॲनिमल हाऊसमध्ये आर्द्रता 70 टक्क्यांच्या आत हवी, आणि आपल्या पावसात ते राखणं म्हणजे डिह्युमिडिफायर व जनरेटर दोघांची परीक्षा. शिवाय मेटाबॉलिक पिंजऱ्यात 24 तासांची लघवी गोळा करताना खाद्याचा चुरा नळीत पडला तर प्रथिनांचा आकडा उगाच फुगतो. गणेशचवथीला सगळी मुलं घरी, तेव्हा तो चुरा बघणार कोण? म्हणून सीरमचा प्रयोग चवथ आटोपल्यावर, ऑक्टोबरात घ्या. संकरित माद्या घेणार असाल तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्या सत्रातच द्या आणि पावसाळ्याच्या रजांची पाळी तेव्हाच लिहून ठेवा.