जीनी एडिटर, आठ महिन्यांनी: सगळं ठीक, भांडण फक्त रफाराचं

मागच्या रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी काका माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "अरे, कुलकर्णींचा रफार कुठे गेला?" त्या एका प्रश्नापायी जीनीचा, म्हणजे कोड लिहायच्या एका एडिटरचा, हा रिव्ह्यू.

आधी यंत्राबद्दल. जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, तीही बोर्डालाच डाग देऊन बसवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार हे कळल्यावर लिनक्सचं मिंट २२ टाकलं, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. "नवा घे की" म्हणणारे पुष्कळ, पैसे देणारं कुणी नाही. काम म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या आणि असेच किरकोळ उद्योग.

पूर्वी मी ॲटम नावाचा एडिटर वापरायचो. तो डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पण त्याच्यासाठी बनवलेला इलेक्ट्रॉन हा सांगाडा मागे उरला, आणि व्हीएस कोड हा एडिटर त्याच्यावरच उभा आहे. म्हणजे पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर. फायरफॉक्सचे चार टॅब उघडे ठेवून तो सुरू केला की डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. केट हा एडिटर चांगला आहे, पण एक्सएफसीईवर टाकायला गेलं की केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं अर्धं बिऱ्हाड सोबत उतरतं. मिंटबरोबर येणारा एक्सेड कोडला रंग नीट देतो, मात्र प्रोग्रॅम चालवायला दर वेळी टर्मिनलकडे, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीकडे पळा. विम हा कीबोर्डवरच चालणारा एडिटर शिकायचं माझं वय गेलं, विषय संपला.

उरला जीनी. २००५ पासूनचा, मिंट २२ मध्ये २.० आवृत्ती मिळते. क्लिक केलं की समोर हजर, एफ-पाच दाबलं की प्रोग्रॅम सुरू. व्हीएस कोडसारखं पुढचं ओळखून सुचवणं त्याच्याकडे नाही, पण माझ्या दोनशे ओळींना ते लागतं कुठे? पहिले दोन महिने मी याला पाच तारे दिले असते.

मग मराठी नावं आली. एफ-पाच दाबल्यावर टर्मिनलमध्ये यादी उमटते, तिच्यात 'कुलकर्णी'चं 'कुलकर् णी'. पाय मोडलेला र एका बाजूला, णी दुसऱ्या बाजूला. 'प्रकाश'चं 'प् रकाश', आणि 'श्री'ची दशा तर बघवत नाही. वर कोड लिहायच्या जागेत मात्र हेच कुलकर्णी अगदी सोवळ्यात! मी फॉन्ट बदलले. नोटो लावला, लोहित लावला, तीन संध्याकाळी घालवल्या. वैतागून दोन तारे कापले आणि सगळ्यांना सांगत सुटलो की जीनीला मराठी येत नाही.

इथे मला माझे शब्द गिळावे लागतात. एक दिवस तोच प्रोग्रॅम एक्सएफसीईच्या स्वतःच्या टर्मिनलमध्ये चालवला. तिथेही रफार गायब! जीनीच्या खालच्या टर्मिनलच्या आणि एक्सएफसीईच्या टर्मिनलच्या पोटात व्हीटीई ही एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींची गणिताची वही, एका अक्षराला एक घर. रफाराला शेजारच्या घरातल्या णीच्या डोक्यावर चढायचं असतं, आणि वहीला ते मंजूर नाही. जीनीचा दोष इतकाच की त्याने मला त्या वहीकडे पाठवलं.

तरी चिडचिड जाईना, कारण रोज बघायचं तेच. उपाय अपघाताने सापडला. बिल्ड मेनूत 'सेट बिल्ड कमांड्स' म्हणून खिडकी आहे. पायथनसाठी तिथली एफ-नऊची ओळ रिकामी होती. तिच्यात एफ-पाचचीच आज्ञा लिहिली. एफ-नऊचा निकाल टर्मिनलमध्ये जात नाही, खाली 'कंपायलर'च्या टॅबमध्ये साध्या यादीसारखा येतो. तिथे चौकटी नाहीत. कुलकर्णी, वर्तक, गोवर्धन, सगळ्यांचे रफार जागच्या जागी! बायकोला हाक मारून दाखवलं. तिने पाहिलं, "बरं" म्हणाली आणि गेली.

कोडच्या जागेतही एक बारीक खोड होती: ओळ बुटकी असल्यामुळे रफार आणि अनुस्वार वरून कापले जायचे. टूल्समधून कॉन्फिगरेशन फाइल्समध्ये जाऊन फाइलटाइप्स-कॉमन उघडा, लाइन हाइटला वर दोन, खाली दोन द्या. लगेच मोकळं होतं.

एक गोष्ट मात्र एफ-नऊनेही सुटत नाही, पण त्यात जीनी निर्दोष आहे. रकाने सरळ यावेत म्हणून नावापुढे मोजून रिकाम्या जागा टाकल्या तर यादी वाकडी येते. चार अक्षरांचे कुलकर्णी पायथनच्या लेखी आठ भरतात, कारण उकार, रफाराचा र, हलन्त आणि वेलांटी तो वेगळे मोजतो. शेवटी रकान्यांचा नाद सोडला आणि पावत्या एचटीएमएलमध्ये काढून ब्राउझरमधून छापतो.

आणि एफ-नऊ काही विचारून घेऊ शकत नाही, उत्तर टाइप करायला तिथे जागाच नाही. त्यामुळे महिना कोणता ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमला अजून एफ-पाचच. रविवारी काका मागे उभे राहिले ते नेमके तेव्हा. कापलेल्या दोन ताऱ्यांपैकी दीड परत दिलाय. उरलेला अर्धा त्या दिवशी काकांसमोर गेला.