शेकरमासा शिवून मिळाला

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या एक काकी आहेत. मुलांच्या चित्रावरून बाहुल्याही शिवतात असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून खानापूरहून लेकीला आणि तिचं चित्र घेऊन गेले. चित्रात होता शेकरमासा. पुढून शेकरू, मागून डॉल्फिन.

दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाताना कणकुंबीच्या वाटेवर आम्हाला शेकरू दिसलं होतं. तांबूस पाठ, दुधी पोट, अंगाइतकी लांब झुबकेदार शेपटी. पुढं गोव्यात होडीतून डॉल्फिन बघितले. आपल्या तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगवणारी म्हादईच पुढं मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते, हे मी तिला नकाशावर दाखवलं. त्यावर तिचं म्हणणं, एक शेकरू म्हादईत पडलं आणि पोहत पोहत गोव्याला पोचलं.

काकींनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडं न बघता लेकीलाच विचारलं, "हे झोपतंय कुठं, झाडावर की पाण्यात?"

"रात्री झाडावर. मी सांगतो की तुम्हाला!"

"मग नखं पाहिजेत," म्हणून त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला त्या तिथंच आवडल्या.

आठ दिवस सांगितले होते, वीस लागले. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडलेला, ते समजू शकते. पण एक फोन करायला हवा होता. त्यात शेपटीचं टोक माशासारखं उभं शिवलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला राहवलं नाही. मासा शेपूट डावी-उजवीकडं हलवतो. डॉल्फिन मासा नव्हे. तो पिल्लाला दूध पाजतो, श्वासाला वर येतो, त्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालणारे. उड्या मारत पळताना शेकरूची पाठ जशी वर-खाली वाकते, तशीच डॉल्फिनची पोहताना वाकते. लेकीनं चित्रात शेपटी आडवीच काढली होती. काकींनी चित्र पुन्हा निरखलं, "होय की गं, पोरीचं बरोबर आहे," म्हणाल्या आणि ब्लेडनं टीप उसवून समोर बसूनच ती आडवी करून दिली. जादा पैसे घेतले नाहीत.

एकूण सातशे रुपये झाले. बाजारात याहून स्वस्त टेडी मिळतात, पण हे हातकाम आहे. डोळे बटणांचे न लावता दोऱ्यानं भरलेत, त्यामुळं लहान मूल तोडून तोंडात घालेल ही भीती नाही. पुढचे दोन दात नारिंगी दोऱ्याचे, अगदी शेकरूचे वाटतात. तक्रार कापडाची. पाठीच्या तांबड्या मखमलीचा रंग पहिल्याच धुण्यात पोटावर उतरला. शिवायच्या आधी कापड भिजवून घ्या, असं काकींना आवर्जून सांगा. आत कापूस आहे, वाळायला दोन दिवस लागतात.

डॉल्फिनच्या डोक्यावर श्वासाचं भोक असतं, ते काकींनी ब्लाउजला करतात तसं बारीक काज करून दाखवलंय. कडेचा एकेक टाका मोजून घ्यावा इतका नेटका. रात्री लेक त्या काजावर बोट ठेवून झोपते. काल विचारलं तर म्हणाली, "श्वास घेतंय काय बघतो."