जुनी वॅगन-आर घरी सांभाळताना: खर्च, बचत आणि डाव्या सीटसमोरचं तळं

अठरा हजार. डाव्या सीटसमोरचं मॅटिंग ओलं होतंय एवढीच माझी तक्रार होती, आणि वर्कशॉपमधल्या ॲडव्हायजरने हा आकडा काढून दिला. एसीची कूलिंग कॉइल गेलीये, डॅशबोर्ड अख्खा उतरवावा लागेल, गॅस नव्याने भरावा लागेल. वर फुकटचा सल्ला: "सर, २०११ची गाडी आहे, एक्स्चेंजमध्ये बघा ना आता." एसी तर झकास गार करत होता. कॉइल लीक असती तर गॅस टिकला असता का, असं विचारल्यावर त्याने तपासणीचं बिल पुढे केलं. ते मुकाट्याने भरलं आणि गाडीचं जमेल तेवढं काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच करायचं ठरवलं. त्याला आता वर्ष होत आलं.

या गाडीच्या के-सीरिज इंजिनबद्दल नव्याने काय सांगायचं? टायमिंग चेन आहे, त्यामुळे टायमिंग बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. ऑइल तीन लिटरच्या आसपास बसतं. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर पुण्यातल्या नाना पेठेतून आणले तर दोन हजारांच्या आत काम होतं. हेच बिल वर्कशॉपमध्ये साडेपाच-सहा हजारांवर जायचं, कारण त्यात 'इंजिन ड्रेसिंग' नावाचा प्रकार असायचा. म्हणजे काय, तर रबरी पाइपांवर चकाकीचा फवारा. माझ्या पाइपांना लग्नाला जायचं नाहीये.

पण हिशेब पूर्ण मांडा. गोटी पान्यांचा सेट जुन्या बाजारात बुधवारी घासाघीस करून घेतला, तरी जॅक स्टँड नवेच घेतले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, इथे काटकसर नको. शिवाय ऑइलचा ट्रे, फनेल, हातमोजे. त्यामुळे पहिल्या वर्षी हाताला फारसं काही लागत नाही. आणि काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडे ते नेणारे येतात.

आता त्या पाण्याकडे. (घरचे म्हणतात, तुला दुसरा विषयच नाही. नाहीये.) पुढच्या डाव्या पायाशी पाणी येण्याची कारणं मोजकीच असतात. पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे हीटरचं काम. स्वच्छ असेल आणि एसी चालू असतानाच येत असेल, तर बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. कॉइलवर जमणारं पाणी याच रबरी नळीतून गाडीखाली पडायला हवं. माझी गाडी उन्हाळ्यात एसी लावून उभी केली की खाली थेंब पडत नव्हता आणि आत मॅटिंग भिजत होतं. नळीत लवचिक केबल टाय हलकेच फिरवला, तर काळ्या चिखलाची गुठळी निघाली आणि मागोमाग पेलाभर पाणी. खर्च शून्य. कडक तार मात्र खुपसू नका, आत कॉइलला भोक पडलं तर त्या ॲडव्हायजरचं भाकीत खरं ठरेल.

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'प्रश्न मिटला' असं वाक्यही होतं. ते काढलंय. जून उजाडला, एसी बंद, बाहेर धो-धो पाऊस आणि बाबांचे मोजे पुन्हा ओले.

पावसाचं पाणी वेगळ्या वाटेने येतं. वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखालच्या खोलगट भागात पाणी उतरून बाजूने निघून जातं. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. मोठी पानं जाळीवरच अडकतात, पण गुलमोहराची बारीक पानं जाळीतून सरळ आत जातात, कुजतात आणि निचऱ्याचं तोंड बुजवतात. मग पाणी तुंबून ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत, बाबांच्या पायावर. ब्लोअर खरखर का करायचा तेही आत्ता कळलं. जाळी काढायला आधी वायपरचे दांडे काढावे लागतात, आणि ते इतक्या वर्षांनी खालच्या दातेरी खुंटीवर असे बसलेले असतात की नट काढूनही हलत नाहीत. गंज सोडवणारा स्प्रे मारा, चहा घेऊन या, मग दांडा डावीकडे-उजवीकडे हलवत वर ओढा. खाली ओंजळभर काळं खत निघालं, तुळशीला घातलं.

खरा धडकी भरवणारा भाग कार्पेटखाली होता. वरचं मॅट वाळलं की आपण निर्धास्त होतो, पण खालचं जाड फेल्ट पिळून निघेल इतकं भिजलेलं असतं. ते उचललं तर पत्र्यावर लालसर पापुद्रे. घासून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, फेल्ट गच्चीवर वाळवलं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी इंजिनाचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा आधी हे कार्पेट उचलून बघावं.

म्हणून घरच्या कामाबद्दलचं मत थोडं बदललंय. ऑइल-फिल्टरमधली मजुरी वाचते ती किरकोळ. अंदाजाने सुटा भाग बदलायला कोणी तयार असताना आपण कारण शोधायला अर्धा रविवार घालवू शकतो, मोठा पैसा तिथे वाचतो. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन मात्र मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडेच देतो. तो मजुरी रोखठोक घेतो आणि जुना भाग हातात देतो.

कागदांचा खर्च वेगळा. इंजिन ९९८ सीसी, म्हणजे हजाराच्या आतलं, त्यामुळे थर्ड पार्टी विम्याचा हप्ता २०२२ साली ठरलेल्या दराने २,०९४ रुपये अधिक जीएसटी. फुल इन्शुरन्स मी सोडला. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी नूतनीकरण आलं. एप्रिल २०२२ आधी त्याची फी ६०० होती, ती ५,००० झाली. वर पर्यावरण कर. राग येतो, पण नव्या गाडीचे दोन हप्तेसुद्धा यापेक्षा जड पडतील.

वायपरखालच्या जाळीच्या क्लिपा काढताना तुटणारच, प्लास्टिक म्हातारं झालंय. नाना पेठेत सुट्ट्या मागितल्या तर दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, सरळ पाकीटच घ्या.