दुरुस्त्यांनंतरही काळा पडणारा मॉनिटर : वर्षभराच्या वापराचा अनुभव

फोंड्यात घरून पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करताना मी वापरत असलेला २४ इंची एलईडी मॉनिटर गेल्या वर्षी चवथीच्या सुमारास बिघडला आणि त्यानंतर प्रत्येक दुरुस्तीनंतर काही दिवस नीट चालून पुन्हा तसाच बंद पडू लागला. चालू केल्यावर चित्र दिसे, थोड्या वेळाने पडदा काळा होई, खालचा दिवा मात्र पेटलेलाच राही.

पहिल्या दुरुस्तीत पॉवर सप्लायवरचे दोन फुगलेले कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) बदलले गेले. ते बदलणे आवश्यकच होते. परंतु तक्रार परतल्यावरही त्याच दुकानात पुन्हा कपॅसिटरच बदलण्यात आले आणि अखेरीस गोव्याच्या दमट हवेवर खापर फोडून नवा मॉनिटर घेण्याचा सल्ला मिळाला. खारी, दमट हवा जोडण्यांच्या पिना गंजवते हे खरे. पण गंजलेल्या पिनेला ब्राइटनेस किती ठेवला आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. माझा मॉनिटर मात्र ब्राइटनेस ३० वर ठेवला की दिवसभर चाले आणि १०० वर नेला की तापून लवकरच काळा होई.

खोलीत अंधार करून काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारला, तेव्हा उघडलेले पान अंधूक का होईना, पण दिसत होते. म्हणजे पॅनेल (चित्र उमटवणारा पडदा), केबल आणि संगणकाकडून येणारा सिग्नल ठीक होते. मागचा प्रकाश तेवढा जात होता. बॅकलाइटच्या पट्टीत एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यांतील एखाद्याची जोडणी तापल्यावर सुटली, तर प्रवाह तुटतो, एलईडींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटला व्होल्टेज वाढलेले जाणवते आणि ते संरक्षणासाठी ती पूर्ण पट्टी बंद करते. दुकानात मॉनिटर थंड असताना दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहिला, तर हा दोष सापडणार कसा?

म्हापशातील दुसऱ्या कारागिराने पॅनेल उतरवून पट्टी तपासली आणि एकच एलईडी न बदलता संपूर्ण पट्टी बदलली, कारण जुन्यांच्या रांगेत एकच नवा एलईडी बसवल्यास उजेड असमान पडण्याची शक्यता असते. मॉनिटर परत देण्यापूर्वी तो पूर्ण ब्राइटनेसवर दुपारभर चालू ठेवावा, ही माझी अटही त्याने कुरकुर न करता मान्य केली.

तेव्हापासून, मध्ये संपूर्ण पावसाळा आणि त्यातला विजेचा लपंडाव येऊनही, पडदा एकदाही काळा पडलेला नाही. आता तो यूपीएसवर असतो आणि ब्राइटनेस साधारण ६० च्या पुढे मी नेत नाही. नव्या पट्टीचा पांढरा रंग किंचित निळसर आहे. मजकुराच्या कामात ते खुपत नाही, परंतु मुखपृष्ठाचे रंग ठरवताना छापील नमुना समोर ठेवावा लागतो. खर्च नव्या मॉनिटरच्या निम्म्याहूनही कमी आला, त्यामुळे बिघाड बॅकलाइटपुरता असेल तर दुरुस्ती परवडते. पॅनेलच फुटले किंवा त्यावर उभ्या रेघा आल्या असतील, तर मी तो खर्च करणार नाही.