महायुद्धातल्या विमानाची मूळ ड्रॉइंग घरबसल्या: एअरकॉर्प्स लायब्ररी वापरून पाहिली

जुनं लष्करी विमान पुन्हा उडतं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, इंजिन कुठून आणणार? टी-सिक्स टेक्सन या महायुद्धातल्या प्रशिक्षण विमानाच्या बाबतीत ती काळजी फारशी नाही. त्याचं नऊ सिलिंडरचं, ६०० हॉर्सपॉवरचं प्रॅट अँड व्हिटनी आर-१३४० वॉस्प इंजिन ओव्हरहॉल करून देणारी दुकानं अमेरिकेत अजून आहेत. गाडी अडते ती पत्र्याच्या तुकड्यांपाशी. कुठल्या तरी बल्कहेडचा, म्हणजे धडाच्या आतल्या आडव्या चौकटीचा, तळहाताएवढा ब्रॅकेट गंजून अर्धा उरलेला असतो, बाजारात तो मिळत नाही, आणि नवा बनवायचा तर कशावरून बनवायचा हे कुणालाच माहीत नसतं.

मी मूळची ओझरची. वडील एचएएलमध्ये होते, त्यामुळे मिगचा आवाज ऐकतच वाढले. नाशिकला मेकॅनिकल ड्राफ्टिंग शिकले, आता डॅलसजवळ पंपांची डिझाइनं करते. शनिवारी एका हँगरवर जाते. तिथे आमचा एक गट एसएनजे-५ उभं करतोय. एसएनजे हे टी-सिक्सचं अमेरिकी नौदलातलं नाव, आणि आमचं विमान मुळात बनलं इथेच, नॉर्थ अमेरिकन या विमान कंपनीच्या डॅलसमधल्या कारखान्यात. हेच विमान आपल्याकडे हार्वर्ड म्हणून ओळखलं जातं. भारतीय हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी त्यावर शिक्षण घेतलं, आणि १९७०च्या दशकापर्यंत ते सेवेत होतं. गटात ड्रॉइंग वाचणारी मी एकटीच, म्हणून कागदपत्रांचं सगळं काम माझ्याकडे आलं. ते मी अगदी मनापासून करते.

आमच्या गटाने आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘संपूर्ण ड्रॉइंग संच’ म्हणून एक डिस्क घेतली होती. हजारो फाइली, नावं नुसते अनुक्रमांक, ना सूची ना वर्गवारी. एक पार्ट शोधायचा तर संध्याकाळ जायची, आणि सापडला तरी मापं वाचता येत नसत. पैसे गेले ते गेले, वेळही गेला.

मग एअरकॉर्प्स लायब्ररीचं सभासदत्व घेतलं. मिनेसोटातल्या बेमिजी गावात एअरकॉर्प्स एव्हिएशन नावाची विमानं पुनरुज्जीवित करणारी कंपनी आहे. पी-५१ मस्टँगच्या कामासाठी ती विशेष नावाजलेली. ही लायब्ररी त्यांचीच. वर्गणी भरायची, विमान निवडायचं आणि पार्ट नंबर टाकायचा. मूळ कारखान्याच्या ड्रॉइंगचा स्कॅन समोर येतो, जोडीला त्या काळची मॅन्युअलंही. ड्रॉइंगं लाखांच्या घरात आहेत, पण मला त्या आकड्याचं तितकं अप्रूप नाही. पार्ट नंबरवरून शोधता येतं, याचं आहे. हे काम ज्यांनी लावलं त्यांना स्वतःला हातात रिव्हेट गन धरून ड्रॉइंग शोधावं लागलेलं आहे, हे पदोपदी जाणवतं.

पार्ट नंबरची गंमत इथे सांगायलाच हवी, कारण ती कळली की शोधणं निम्मं सोपं होतं. नॉर्थ अमेरिकनमध्ये प्रत्येक मॉडेलला कंपनीचा स्वतःचा क्रमांक असे. एनए-१९ म्हणजे बीटी-९ हे आधीचं प्रशिक्षण विमान, एनए-६६ म्हणजे हार्वर्ड २, एनए-७७ म्हणजे एटी-६ए (एटी-६ हे टी-सिक्सचंच तेव्हाचं नाव), एनए-८८ मध्ये एटी-६सी, डी आणि नौदलाची त्यांची भावंडं. एखादा पार्ट ज्या मॉडेलसाठी पहिल्यांदा काढला, त्या मॉडेलचा आकडा त्याच्या नंबराच्या सुरुवातीला कायमचा चिकटतो. आपल्याकडे आडनावातल्या ‘कर’च्या आधी मूळ गाव दिसतं, तसंच. त्यामुळे १९४३ सालच्या विमानात ८८ने सुरू होणारे पार्ट भेटतात, ६६ आणि ७७चे भेटतात, आणि मध्येच एखादा १९चा निघतो. तो १९३०च्या दशकात दुसऱ्याच विमानासाठी काढलेला असतो आणि तसाच पुढे चालू ठेवलेला असतो. म्हणून फक्त आपल्या मॉडेलच्या ड्रॉइंगमध्ये शोधून थांबू नका. नंबराची सुरुवात जिकडे नेईल तिकडे जा.

आता त्या ब्रॅकेटकडे येते. ‘जुना पार्ट समोर आहे, मोजा आणि बनवा, ड्रॉइंग कशाला?’ असं आमच्याकडे येणारे पुष्कळ जण विचारतात. जुना ब्रॅकेट मायक्रोमीटरने मोजला तर जाडी एका कोपऱ्यात एक, दुसऱ्यात दुसरी. गंजाने खाल्लेला, त्यावर रंगाचे थर, शिवाय कुणीतरी कधीतरी ठोकून सरळ केलेला. ड्रॉइंगवर जाडी लिहिली होती ०.०४० इंच. इतकं कदाचित अंदाजानेही जमलं असतं. पण खाली मटेरियलच्या रकान्यात होतं २४ एसओ, आणि शेजारी सूचना: आकार दिल्यावर हीट ट्रीट (ठरावीक तापमानाला तापवून थंड) करून २४ एसटी करणे. २४ एसटी म्हणजे आजचं २०२४ अ‍ॅल्युमिनियम, कडक अवस्थेतलं. २४ एसओ म्हणजे तेच, पण मऊ केलेलं. या ब्रॅकेटचे बेंड इतके घट्ट आहेत की कडक पत्रा तिथे वाकवला तर बाहेरच्या बाजूने बारीक तडे जातात. आधी मऊ पत्रा वाकवायचा आणि मग कडक करायचा. तयार पार्ट कितीही निरखला तरी हा क्रम त्यावर दिसत नाही. बेंडची त्रिज्याही स्वच्छ दिलेली आहे, आणि डावा पार्ट काढून ‘उजवा याच्या उलट’ एवढंच लिहिलेलं. माझ्या शिक्षकांनी आम्हाला अगदी हेच शिकवलं होतं: एकदा काढा, नीट काढा, बाकी टिपेत सांगा.

रिव्हेटांचंही तसंच. जुन्या जोडणीत एडी जातीचे रिव्हेट होते, डोक्यावर मधोमध छोटा खड्डा असतो ते. ड्रॉइंगमध्ये मात्र डीडी मागितलेले, म्हणजे डोक्यावर दोन उंचवट्याच्या रेघा असलेले, २४ एसटीचे. हे जास्त ताकदीचे. हीट ट्रीट केल्यावर ते बर्फाइतक्या थंडीत ठेवतात आणि बाहेर काढले की लगेच ठोकतात, नाहीतर कडक होऊन बसतात. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत सोपे म्हणून एडी घातलेले असणार. ड्रॉइंग नसतं तर आम्ही ती चूक ‘मूळ’ समजून तशीच पुढे नेली असती. टी-सिक्सच्या बाबतीत हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. २००५ साली फ्लोरिडात एका टी-सिक्सचा पंख उड्डाणात तुटला आणि त्यानंतर पंख जोडणाऱ्या अँगलना तडे आहेत का हे तपासणं अमेरिकेत सक्तीचं झालं.

टायटल ब्लॉकपाशी, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीपाशी, मी दर वेळी थोडी रेंगाळते. ड्रॉइंग काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची, ताकदीचं गणित करणाऱ्या स्ट्रेसवाल्याची. वर कोपऱ्यात बदलांची यादी, ए, बी, सी करत. एखाद्या भोकाची जागा किंचित सरकवलेली असते आणि त्यामागे कुणीतरी जिगवर (पार्ट जागेवर धरून जोडायच्या साच्यावर) उभं राहून ‘हे बसत नाही’ म्हटलेलं असतं, हे ड्रॉइंगवर काम केलेल्या माणसाला लगेच कळतं.

हे कागद टिकले हेच नवल. नॉर्थ अमेरिकनच्या ओहायोतल्या कोलंबस कारखान्यातला मूळ ड्रॉइंगचा मोठा साठा १९८८ मध्ये नष्ट होणार होता. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने परवानगी काढून तो वाचवला आणि वर्षानुवर्षं सांभाळला. पुढे तो एअरकॉर्प्सकडे आला. वेल्समधलं उदाहरण याहून काळजाचा ठोका चुकवणारं आहे: २०१७ मध्ये ब्रॉटनच्या एअरबस कारखान्यात डी हॅव्हिलंड मॉस्किटो या ब्रिटिश युद्धविमानाची २०,००० हून जास्त ड्रॉइंगं मायक्रोफिल्मच्या कार्डांवर सापडली, ती इमारत पाडायला थोडेच दिवस उरलेले असताना. मॉस्किटो लाकडी विमान. जुने सांगाडे कुजून जातात, मोजायलाही उरत नाहीत. तिथे ड्रॉइंग गेलं की विमानच गेलं.

आता मर्यादा. बरीच ड्रॉइंगं मायक्रोफिल्मवरून आलेली आहेत, आणि त्या काळी फिल्म काढतानाच जे धूसर आलं ते आज कुणीही स्पष्ट करू शकत नाही. ३ आणि ८ मध्ये फरक कळेना झाला की मी वरच्या असेंब्लीचं, म्हणजे तो पार्ट ज्या जोडणीत बसतो तिचं, ड्रॉइंग उघडते. प्रत्येक ड्रॉइंगवर ‘नेक्स्ट असेंब्ली’चा रकाना असतो, तिथून वर गेलं की तेच भोक शेजारच्या पार्टमध्ये दिसतं आणि माप पक्कं होतं. काही पार्टची ड्रॉइंगं मिळतही नाहीत. अशा वेळी वॉशिंग्टनजवळ शँटिलीला स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाचा अभिलेखागार आहे, त्यांच्याकडे मायक्रोफिल्मवर विमानांच्या ड्रॉइंगचा मोठा संग्रह आहे. तिथे पत्रव्यवहार, वेळ ठरवणं, वाट पाहणं आलं. संशोधकाला ते चालतं. शनिवारी दुपारी पत्रा कापायला बसलेल्या माणसाला लायब्ररीच बरी.

आणि ड्रॉइंग हातात आहे म्हणजे पार्ट उडायला पास झाला, असं मुळीच नाही. मटेरियलचं प्रमाणपत्र लागतं, हीट ट्रीटचा कागद लागतो, आणि अधिकृत तपासनीसाची सही लागते. ड्रॉइंगवरची जुनी नावंही आजच्या नावांत बदलून घ्यावी लागतात, आणि तिथे जाणत्या माणसाला विचारावंच. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले एक पत्राकाम करणारे मेकॅनिक आहेत. मी प्रिंट घेऊन जाते, ते चष्मा कपाळावर चढवून वाचतात, आणि बेंडच्या रेषेवर बोट ठेवून सांगतात की इथे रोलिंगची दिशा आडवी येऊ दे. ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

भारतातून ही वर्गणी घ्यावी का? विमान मॉडेल बनवणारे, एरोनॉटिकलचे विद्यार्थी, कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, जुनी विमानं उभी करणारे, यांनी जरूर घ्यावी. मस्टँगचे पृष्ठभाग नॉर्थ अमेरिकनमध्ये रॉय लायमिंग यांच्या पद्धतीने, कोनिक वक्रांचं (शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांचं) गणित करून बसवलेले आहेत. नुसत्या लवचीक पट्टीने डोळ्याला बरी दिसेल ती रेघ मारायची, या जुन्या पद्धतीच्या पुढचं हे पाऊल होतं. असं गणित आजच्या कॅडमध्ये जसंच्या तसं बसतं. नाशिकला शिकताना मला हे पाहायला मिळालं असतं तर मी वक्र काढायला वेगळ्याच आस्थेने शिकले असते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नवीन सभासदांसाठी एकच सूचना: शोधताना पार्ट नंबरातला शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा आधी सोडून द्या आणि मूळ नंबरच टाका. डावा, उजवा आणि त्यांची सगळी भावंडं बहुतेक वेळा एकाच ड्रॉइंगवर मिळतात.