बोरिवलीचं जंगल: पैसे द्यावेत की रविवार?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी काही करायचं तर दोन वाटा आहेत. पहिली, प्राणी दत्तक योजना. बिबट्या, हरीण अशा एखाद्या प्राण्याचा वर्षभराचा खर्च आपण उचलायचा. प्राणी उद्यानातच राहतो. पैसा त्याच्या खाण्यावर, औषधपाण्यावर जातो. वाघाची रक्कम लाखांत असते, हरणाची बरीच कमी, त्यामुळे सोसायटीत वर्गणी काढूनही जमतं.

दुसरी वाट श्रमदानाची. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात दहिसर आणि पोयसर नद्या उगम पावतात. ओढ्याकाठी अडकलेली वेफर्सची पाकिटं उन्हाळ्यातच उचलली नाहीत, तर पहिल्या मोठ्या पावसात ती थेट वस्तीत वाहून जातात. शिवाय खाण्याच्या वासाने हरणं प्लास्टिकही गिळतात! मात्र परस्पर आत शिरू नका. वनखात्याची परवानगी घ्या, गटानेच जा.

मला विचाराल तर दुसरी. दत्तक योजनेतून पिंजऱ्यातला एक जीव पोसला जातो, त्याचं मोल आहेच. पण मोकळा बिबट्या त्याच ओढ्यावर पाणी प्यायला येतो. महाशिवरात्रीला उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत गर्दी लोटते. त्यानंतरच्या रविवारी गोणी आणि हातमोजे घेऊन येणारी माणसं हवी असतात.